दुसऱ्याचा बुडालेला कारखाना वाचायला शिकूया

मी कराडकडचा, नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. आजोबांच्या नावावर साखर कारखान्याचा शेअर आहे, त्यामुळे दर सप्टेंबरच्या आसपास वार्षिक सभेचा अहवाल घरी येतो. आज त्यावरूनच बोलायचंय, पण सुरुवात जरा लांबून, हंगेरीपासून.

हंगेरी तेव्हा समाजवादी देश. कुठल्या कारखान्यानं किती माल काढायचा, हे सरकार ठरवायचं. १ जानेवारी १९६८ पासून त्यांनी ही सक्ती काढली. नफा बघून तुम्हीच ठरवा, म्हणाले. कागदावर झकास! पण तोट्यातला कारखाना काही बंद पडेना. सबसिडी, करात सूट, नवं कर्ज, काहीतरी करून सरकार त्याला वाचवायचंच. यानोश कोर्नाई या हंगेरियन अर्थतज्ज्ञानं या दुखण्याचं जे वर्णन केलं, त्याला आपण सैल अंदाजपत्रक म्हणू. शेवटी कोणीतरी वाचवणार आहे, हे माहीत असलं की खर्चाला हात आखडत नाही.

आता चीन. १९७८ पासून चिनी शिष्टमंडळं आधी युगोस्लाव्हियाला, मग हंगेरीला जाऊन आली. सप्टेंबर १९८५ मध्ये तर यांगत्से नदीवर 'बाशान' नावाच्या बोटीत परिषदच भरली. स्वतः कोर्नाई होते, पोलंड सोडून आलेले ब्रुस होते, चिनी अर्थतज्ज्ञ होते. तुमचं काय जमलं, एवढंच नाही, तर कुठं अडलं हेही त्यांनी विचारून घेतलं. आमच्या भाषेत, दुसऱ्याचा कोड उचलण्याआधी त्यातले बग मागितले. सगळं ऐकलं असं नाही. तोट्यातल्या सरकारी कंपन्यांना वाचवणं चीनमध्येही पुढं चालूच राहिलं. पण दुखणं कुठंय, ते माहीत होतं.

आपणही एकमेकांचं बघूनच शिकलो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरेचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. मग सांगलीत वसंतदादा पाटलांचा, आमच्याकडं रेठऱ्याला कृष्णा. जमीन ज्याची त्याची, कारखाना सगळ्यांचा, एका सभासदाला एक मत. आमच्या भागातल्या कितीतरी शाळा-कॉलेजं यातूनच उभी राहिली, हे विसरून चालणार नाही.

पण त्याच नमुन्यात शासनाचं भागभांडवल आणि कर्जाला थकहमीही होती. सुरुवातीला ती लागणारच होती, नाहीतर शेतकऱ्याला एवढं कर्ज कोण देणार? पुढं मात्र बऱ्याच ठिकाणी तेच सैल अंदाजपत्रक झालं. राज्यातले कितीतरी कारखाने आजारी पडले, काही विकले गेले. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल द्यायचं, असा कायदा आहे, तरी बिलं थकतातच.

आमच्या सभेत शेजारच्या कारखान्यानं किती दर दिला, यावर तासभर गोंधळ होतो. बुडालेला कारखाना कशानं बुडाला, यावर पाच मिनिटंही नाही.

यंदा मी सभेला जाऊन विचारणार आहे: आपलं किती कर्ज थकहमीवर आहे? आणि बंद पडलेल्या एखाद्या कारखान्याचा अहवाल संचालकांनी वाचलाय का?

आजोबा म्हणाले, "चहा यायच्या आत 'मंजूर, मंजूर' हुतंय. लवकर जा आन् पुढं बस."

पुढंच बसणार आहे. काय झालं ते पुढच्या भागात सांगतो.