बिनतारी लहरी आणि शहरांतील भिंती

डोंगराच्या कुशींत हांक मारली म्हणजे एका कड्याकडून एक, दुसऱ्याकडून दुसरा असे प्रतिध्वनि येतात. शहरांत बिनतारी लहरींची हीच स्थिति होते. उंच इमारतींवर आदळून एकाच संदेशाच्या लहरी अनेक वाटांनीं येतात. कोठें त्या परस्परांना बळ देतात, तर कोठें परस्परांचा नाश करितात. म्हणून यंत्रज्ञ पुष्कळ काळ भिंतींना शत्रूच मानीत.

१९९६ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे जेरार्ड फॉस्किनी यांनीं निराळा विचार मांडला. दोन्ही टोकांना अनेक एरियल बसवावे आणि प्रत्येकानें एकाच वेळीं, एकाच कंपनसंख्येवर वेगळा संदेश पाठवावा. वाटा भिन्न असल्या, तर प्रत्येक ग्राहक एरियलवर त्या संदेशांचें मिश्रण भिन्न प्रमाणांत पडेल. आणि अनेक समीकरणें सोडवून अनेक अज्ञातें काढावीं, तसे ते वेगळे करितां येतील. एरियलांची संख्या वाढेल त्या मानानें क्षमता वाढेल. एकंदर शक्ति किंवा लहरींचा पट्टा वाढवावा लागणार नाहीं. हा पट्टा मर्यादित असल्यामुळें या लाभाचें मोल मोठें आहे.

परंतु वाटा एकसारख्याच निघाल्या तर समीकरणेंही एकसारखीं होणार, आणि सारा लाभ बुडणार! याचा निर्णय प्रत्यक्ष मोजूनच करावा लागतो.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागांत अशी मोजणी झाली व तिचे निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाले. १६ प्रेषक, १६ ग्राहक, म्हणजे २५६ जोड्या. कंपनें सेकंदाला २११ कोटि. प्रत्येक जोडीमध्यें लहर किती क्षीण झाली आणि कंपनाच्या कोणत्या अवस्थेंत पोहोंचली, हें नोंदण्यांत आलें. लहरी पूर्णपणें विखुरल्या असत्या तर मिळणाऱ्या क्षमतेच्या जवळपास ८० टक्के क्षमता त्या रस्त्यांवर आढळली. प्रेषक एरियल दोन लहरींच्या लांबीएवढ्या, म्हणजे सुमारें २८ सेंटिमीटर, अंतरावर असले तरी त्यांच्या वाटा बहुतांशीं स्वतंत्र होत्या.

येथें एक इशाराही मिळाला. सर्व एरियल परस्परांपासून अगदीं स्वतंत्र आहेत असें गृहीत धरून केलेलें गणित मध्यमानानें १८ टक्के चुकलें. दोन्ही टोकांचा मोजलेला परस्परसंबंध हिशेबांत घेतांच ती चूक ३ टक्क्यांवर आली.

आज घरोघरच्या वाय-फाय यंत्रांवर दोन-चार एरियल दिसतात. हें तत्त्व त्यांतही वापरलेलें असतें. आणि ज्या भिंतींना आपण दोष देतों, त्या तेथें कांहीं अंशीं साहाय्यच करीत असतात.