पट घटला, तरी शाळा टिकावी



जिल्हा परिषदेच्या शाळेचे भवितव्य पटसंख्येवर अवलंबून असते. पटावरून संचमान्यता होते, तीवरून शिक्षकांची पदे ठरतात आणि शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा वेतनाचाच असतो.

या आकड्याचा मोह किती अनावर होतो, हे ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत दिसले. पटावरील लाखो मुले वर्गात आढळलीच नाहीत. खोट्या पटाला आळा घालणे आवश्यकच होते.

परंतु खरा पट घटतो, तेव्हा काय? जन्मदर उतरला, तरुण कुटुंबे शहरात गेली, इंग्रजी शाळेची गाडी दारी आली. पट घटताच शिक्षकाचे पद जाते. शिक्षक गेला की उरलेले पालकही मुले काढतात. डिसेंबर २०१७ मध्ये १० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठविण्याचा निर्णय झाला. नकाशावर जवळ असलेली शाळा पावसाळ्यात ओढ्यापलीकडे असते. मुले आठ असोत वा चाळीस. खोली, फळा आणि शिक्षक लागतोच.

यावर उपाय गावाच्या हाती आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि त्यांनी केलेला शाळा विकास आराखडा हा अनुदानाचा आधार ठरतो. तो आराखडा गावाने स्वतः लिहावा. अंदाजपत्रक मांडताना डोकी जरूर मोजावीत. शाळा बंद करण्यापूर्वी मात्र त्या मुलांची वाटही मोजावी.