ऐकीव गोष्ट आणि कोर्टातील पुरावा

(वार्षिक समारंभातील भाषण)



समजा, खामगावच्या कापूस बाजारात कुणाची पैशांची पिशवी गेली. एकजण म्हणतो, "अमक्याने मला सांगितले, त्या पोरानेच ती उचलली." दुसरा म्हणतो, "तो पोरगा आधीपासूनच उनाड आहे." संध्याकाळपर्यंत गाव त्याला चोर ठरवून मोकळे होते. कोर्टाला मात्र या दोन वाक्यांवर शिक्षा देता येत नाही.

हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी नियम तोच आहे. कलम ५५ प्रमाणे तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा. ज्याने पाहिले, त्यानेच साक्ष द्यावी. ऐकीव सांगणाऱ्याची उलटतपासणी घेऊन मूळ गोष्टीची शहानिशा होत नाही. कलम ४९ प्रमाणे आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य गैरलागू ठरते. आरोपीने स्वतः चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला, तर सरकार पक्षाला उत्तरादाखल ते मांडता येते.

ऐकीव पुराव्याला अपवादही आहेत. मृताने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी सांगितलेले वा लिहिलेले ग्राह्य धरतात. १९८२ साली पुण्यात एका नवविवाहितेचा मृत्यू झाला. तिची पत्रे आणि माहेरी सांगितलेल्या गोष्टी खटल्यात आल्या. सेशन्स कोर्टाने पतीला फाशी दिली, हायकोर्टाने ती कायम केली. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टात न्या. मुर्तझा फझल अली यांनी हा पुरावा ग्राह्य धरला. परंतु आत्महत्येची शक्यता उरते, खून निःसंशय सिद्ध होत नाही, म्हणून आरोपी सुटला. पुरावा ग्राह्य असणे वेगळे आणि पुरेसा असणे वेगळे. संशय कितीही दाट असला, तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

चारित्र्याचा शिक्का किती महाग पडतो, हे पारधी बांधवांना विचारा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसे गुन्हेगार ठरवली. तो कायदा १९५२ मध्ये गेला. लोकांच्या मनातला शिक्का अजून पुरता गेलेला नाही.

पालकहो, कुणाच्या मुलाविषयी काही कानावर आले, तर आधी विचारा, "तुम्ही स्वतः पाहिले का?" आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही स्वतः पाहिले असेल, तर साक्ष द्यायला कचरू नका. पाहणारेच गप्प बसले, तर कोर्टापुढे सत्य येणार कुठून?