सव्वा महिन्यानंतरही विचारत राहू



बचत गटाच्या बैठकीत आम्ही हप्ता विचारतो, व्याज विचारतो. आज वेगळा प्रश्न घेऊन आलो आहोत. घरातल्या बाळंतिणीला रात्री सपाट झोपता येतं का?

गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. ते फिरवायचं काम हृदयाचं. बाई नुसती बसली असली, तरी तिचं हृदय जास्तीचं काम करत असतं. बाळ झालं म्हणजे हा ताण त्याच दिवशी संपत नाही. काही जणींचं हृदय याच काळात अशक्त होतं. शेवटच्या महिन्यापासून बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत हा धोका असतो. आधी ठणठणीत असलेल्या बाईलाही तो असतो.

आता आपली रीत बघा. पहिलं बाळंतपण माहेरी. आशाताई 42 दिवसांपर्यंत, म्हणजे साधारण सव्वा महिना, घरी येऊन बघतात. पुढच्या भेटींत लक्ष मुख्यतः बाळाकडे असतं. लेक सासरी येते आणि पाणी, चूल, शेत सुरू होतं. ती म्हणते, "दम लागतो." आपण म्हणतो, "बाळंतपणाचा थकवा आहे, डिंकाचा लाडू खा."

थकवा विश्रांतीनं कमी होतो. पण आडवं झाल्यावर दम लागतो, रात्री उठून बसावं लागतं, चार पावलांत धाप लागते, छातीत धडधडतं, पायांची सूज उतरायच्याऐवजी वाढते, तर तो नुसता थकवा नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडली, तर लगेच 108 ला फोन करा. अंगारा-धुपाऱ्यात रात्र घालवू नका. दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा: "हिचं बाळ इतक्या महिन्यांचं आहे." त्यानं डॉक्टरांना नेमकी दिशा मिळते.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची. तो 140/90 किंवा त्याहून जास्त निघाला, तर लक्ष हवंच. बाळंतपणानंतरही तो वाढू शकतो. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर थांबू नका. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्यापर्यंत पाळी आली असेल, तर पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. अशा बाईनं दरवर्षी रक्तदाब आणि साखर तपासावी, मुलं मोठी झाली तरीही.

तिसरी गोष्ट. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, हे आईला विचारा. त्या तापानं हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात आणि ते कधी कधी गरोदरपणातच पहिल्यांदा कळतं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथं हे आवर्जून सांगा.

आमच्या गटांनी आता एक ठरवलं आहे. वहीत एक पान बाळंतिणींचं. माहेरची असो की सासरची, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत दर बैठकीला तिची विचारपूस. लेक सासरी निघाली, की ओटीसोबत तिचं तपासणीचं कार्डही द्यायचं.

बाळाला बघायला सगळं गाव येतं. जाताना त्याच्या आईलाही विचारा, "बाई, रात्री नीट झोप लागते ना?"