एक आकडा बदला, सगळे मथळे बदलतील: सीएसएसमधलं ‘पॉव’

आज सीएसएसमधल्या ‘पॉव’ या फंक्शनबद्दल बोलू. हे शाळेतलंच गणित आहे: पाया द्या, घातांक द्या, उत्तर घ्या.

वेबपेजवर याचं काय काम? समजा मजकूर १६ पिक्सेलचा आहे आणि मथळे चढत्या आकाराचे हवेत. दर वेळी ४ मिळवले तर १६, २०, २४, २८, ३२. पहिली उडी २५ टक्क्यांची, शेवटची जेमतेम १४. वरचे दोन मथळे जवळपास सारखेच दिसतात, कारण डोळा फरक पटीत मोजतो. कानाचंही तेच. सा ची कंपनं दुप्पट केली की तार सा मिळतो.

म्हणून मी १.२५ ची पट धरतो: १६, २०, २५, ३१.२५. लिहायचं असं: ‘कॅल्क’च्या कंसात १ रेम गुणिले पॉव, आणि पॉवच्या कंसात १.२५, स्वल्पविराम, ३. घातांक शून्य म्हणजे मूळ मजकूर. उणे एक म्हणजे ०.८ पट, फोटोखालच्या ओळीसाठी मस्त. फक्त पॉवच्या कंसात नुसते आकडेच चालतात. रेम बाहेर ठेवा.

आता ही पट व्हेरिएबलमध्ये टाका. लॅपटॉपवर १.५ धरली तर पाचव्या पायरीचा मथळा १२१ पिक्सेलच्या पुढे जातो. फोनवर ‘महाराष्ट्रातल्या’ हा एकच शब्द स्क्रीनबाहेर जाईल! मीडिया क्वेरीत पट १.२ करा, तोच मथळा सुमारे ४० वर येतो. आणि रेम वापरल्यामुळे आजीने ब्राउझरमध्ये मूळ अक्षर मोठं केलं असेल, तर मथळेही त्याच प्रमाणात वाढतात.

सफारीत हे मार्च २०२२ मध्ये आलं, फायरफॉक्समध्ये सप्टेंबर २०२३ आणि क्रोममध्ये डिसेंबर २०२३ मध्ये. म्हणजे अपडेट न झालेल्या जुन्या फोनवर चालणार नाही. वर साधा आकडा, खाली पॉव, ही नेहमीची युक्ती व्हेरिएबल असेल तर फसते. जुना ब्राउझर खालची ओळ आधी स्वीकारतो, मग हिशोब जमत नाही आणि मथळा मजकुराएवढाच होतो. म्हणून साधे आकडे बाहेर लिहा आणि पॉवच्या ओळी ‘ॲट सपोर्ट्स’च्या आत ठेवा. आपलं पान जुन्या फोनवरही नीट वाचता आलं पाहिजे ना!

करून बघा, आणि तुम्ही कोणती पट धरली ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!