रॉकेट पडलं तर?

मंडळी, कोणाचं रॉकेट भरवशाचं, हे आपण यशाच्या टक्केवारीवर ठरवतो. पण अपयशाशी कोण कसं वागतो, तेही पाहावं. १९८६ साली थंडीत रबरी कडी दगा देईल, असं अमेरिकी इंजिनिअर आदल्या रात्री सांगत होते. वरिष्ठांनी ऐकलं नाही. 'चॅलेंजर'मधले सातही अंतराळवीर गेले. युरोपचं 'एरियन ५' १९९६ साली पहिल्याच उड्डाणात फुटलं. कारणांचा अहवाल दोन महिन्यांच्या आत जाहीर झाला. पुढे तेच भरवशाचं ठरलं. आपलं पीएसएलव्ही १९९३ साली पहिल्याच उड्डाणात फसलं, मग त्यानंच पहिलं चांद्रयान आणि मंगळयान नेलं. २०२५ साली पुन्हा फसलं. आम्हा सरकारी नोकरांना ठाऊक आहे, फायलीत दाबलेली चूक पुन्हा वर येते. म्हणून रॉकेट पडलं की हळहळूया, पण 'का पडलं?' हेही विचारूया.