लॅपटॉप बंद पडला म्हणजे हिशेब गेला असं नाही

(महासंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. शेतीच्या कामामुळे ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



आज मी कर्ज, हप्ते, बँक लिंकेज यातलं काहीच बोलणार नाही. ऑफिसातल्या आपल्या जुन्या लॅपटॉपबद्दल बोलणार आहे. हसू नका. मागच्या महिन्यात ११ गटांचा ७ महिन्यांचा हिशेब जाता जाता राहिला. आणि तो गेला असता, तर मशीन बिघडलं म्हणून नव्हे, आपण घाबरलो म्हणून.

झालं असं. सोमवारी बँकेत कागद द्यायचे होते. शनिवारी सकाळी लेखापाल ताईंनी लॅपटॉप चालू केला, तर नेहमीचं चित्र येईना. काळा पडदा आणि वर इंग्रजीत दोन ओळी. त्यांनी तीनदा बंद-चालू केला, पुन्हा तेच. मग तालुक्याच्या एका दुकानात फोन लावला आणि त्यातले 'डिस्क एरर' एवढे दोनच शब्द वाचून दाखवले. पलीकडून उत्तर आलं, "डिस्क गेली असेल. आणून द्या, फॉरमॅट मारून देतो." ताईंना वाटलं फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती. त्यांनी पिशवीसुद्धा भरली होती.

तायांनो, फॉरमॅट म्हणजे घर झाडून देणं नव्हे. घरातलं सगळं सामान बाहेर फेकायचं आणि मोकळं घर परत द्यायचं, असं ते आहे. आणि आपण तर लॅपटॉप आल्यापासून कागदी खतावणी लिहिणंच सोडलं होतं. (ही चूक माझी. "कशाला दोन-दोनदा लिहिता" असं मीच म्हटलं होतं.) त्या हिशेबात आपल्या एका ताईंनी म्हैस विकून फेडलेल्या कर्जाच्या शेवटच्या हप्त्याची नोंद होती. पावती त्यांच्याकडून हरवलेली. ती नोंद पुसली असती तर त्यांच्या नावावर थकबाकी दिसली असती, आणि भर बैठकीत त्यांना शपथा घ्याव्या लागल्या असत्या.

मी पोचले तेव्हा पिशवीतून लॅपटॉप काढला आणि फक्त एक केलं. पडद्यावरचं सगळं वाचलं. लिहिलं होतं, 'रिमूव्ह डिस्क्स ऑर अदर मीडिया'. म्हणजे काय, तर जे काही लावून ठेवलंय ते काढा. बाजूला बघितलं तर नखाएवढा पेन ड्राइव्ह खोचलेला. आदल्या दिवशी मेळाव्याचे फोटो घेतले होते, तो तसाच राहिलेला. काढला, एक बटण दाबलं, लॅपटॉप सुरू. इंग्रजी दिसलं की आपण वाचायचंच सोडून देतो. त्यात शिव्या लिहिलेल्या नसतात हो, बऱ्याचदा उपाय लिहिलेला असतो.

आता पेन ड्राइव्हने लॅपटॉप अडेल कसा? तर लॅपटॉप चालू होतो तेव्हा आपलं विंडोज कुठे ठेवलंय हे त्याला माहीत नसतं. आत एका छोट्या चिपमध्ये बायोस नावाचा प्रोग्राम असतो. त्याच्याकडे घरांची यादी असते, आधी या दारात विचार, मग त्या दारात. आपल्या सभेचा निरोप घेऊन निघालेल्या पोरासारखं. आपल्या लॅपटॉपच्या यादीत पहिलं दार पेन ड्राइव्हचं होतं. पोरगं तिथे गेलं, आतून कुणीतरी म्हणालं "इथे विंडोज नाही", आणि ते तिथेच ओट्यावर बसून राहिलं. पुढचं दार हार्ड डिस्कचं. सगळा हिशेब तिथे सुखरूप होता, पण तिथवर ते गेलंच नाही. कधीतरी कुणीतरी पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकलं असणार, आणि यादी पुन्हा सरळ करायची राहिली. जुने लॅपटॉप हातोहात फिरून आलेले असतात, त्यामुळे हे बऱ्याचदा दिसतं.

ही यादी आपल्याला बदलता येते. तिला बूट ऑर्डर म्हणतात, कुठे बूट प्रायॉरिटी किंवा बूट सीक्वेन्स असंही लिहिलेलं असतं. यादी बदलली म्हणून हिशेब पुसला जात नाही, कारण ती हार्ड डिस्कवर नसतेच.

लॅपटॉप पूर्ण बंद करा. चार्जर लावा, लाइट जायच्या वेळेला हे काम काढू नका. चालू करताक्षणी एक बटण टकटक दाबत राहायचं. डेल आणि एसरला बहुधा एफ२, एचपीला एफ१०, लेनोवोच्या थिंकपॅडला एफ१ आणि बाकी लेनोवोला बहुतेक एफ२. चालू होताना पडद्याच्या कडेला दोन सेकंद ते लिहूनही येतं. चुकलं आणि विंडोज आलं तर काही बिघडत नाही, बंद करून पुन्हा करा. मला तीन वेळा लागल्या.

मग निळा किंवा करडा, जुनाट पडदा येईल. इथे माउस बहुधा चालत नाही, बाणाच्या बटणांनी फिरायचं. सगळ्यात आधी मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढा. मग 'बूट' लिहिलंय तिथे जा. एचपीमध्ये ते 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'च्या आत सापडेल. यादी दिसेल, हार्ड डिस्क, सीडी, यूएसबी, नेटवर्क. हार्ड डिस्क कधी कधी कंपनीच्या नावाने असते. 'एसटी' आणि पुढे आकडे दिसले तर ती आपली लाल गाडी नव्हे, सीगेट कंपनीची डिस्क आहे. 'डब्ल्यूडीसी' म्हणजे वेस्टर्न डिजिटल. त्या ओळीवर येऊन एफ५-एफ६ किंवा अधिक-उण्याच्या बटणाने तिला सगळ्यात वर न्यायची. कुठलं बटण ते तिथेच लिहिलेलं असतं. शेवटी एफ१० दाबून 'येस'वर एंटर. घोळ झाला असं वाटलं तर सेव्ह न करता बाहेर पडा. सेव्ह करेपर्यंत काहीही बदलत नाही.

बाकी कशाला हात लावू नका. हे मी अनुभवाने सांगते. त्या दिवशी माझा हुरूप वाढला आणि मी 'साटा मोड' नावाची एक गोष्ट बदलून बघितली. निळा पडदा आला आणि माझे हातपाय गळाले. लेखापाल ताई काही बोलल्या नाहीत, फक्त चहा ठेवायला उठल्या. आधी काढलेला फोटो होता म्हणून होतं तसं करता आलं. 'युईएफआय' आणि 'लेगसी' ही दोन नावं दिसली तर तीही तशीच राहू द्या. आणि तिथे पासवर्ड तर मुळीच टाकू नका, विसरलात तर तुम्हीच बाहेर.

यादीत हार्ड डिस्क दिसतच नसेल, तर मात्र दुखणं खरं असू शकतं. तेव्हा दुकानात जा. पण जमा करण्याआधी सांगा, "डेटा हवाय, आम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका," आणि हेच वाक्य पावतीवर लिहून घ्या.

आणखी एक. दर वेळी चालू केल्यावर तारीख मागची कुठली तरी दिसत असेल, तर आतली रुपयाएवढी बॅटरी संपत आलीय. त्या बॅटरीवर घड्याळ चालतं, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये ती गेली की लावलेली यादीही विस्कटते. असं असेल तर बॅटरी बदलून घ्या, नाहीतर हेच काम पुन्हा पुन्हा करावं लागेल.

कागदी खतावणी आपण परत सुरू केली आहे, तो ठराव मागच्या बैठकीत झालाच. नखाएवढा तो पेन ड्राइव्ह लेखापाल ताईंनी दोऱ्याने कपाटाच्या चावीला बांधून टाकलाय. फोटो कुणाला हवे असतील तर चावी त्यांच्याकडे मागा.